नळाचं पाणी

एकनाथ निकम सरांनी टेस्ट ट्यूब हातात घेतली, तिच्या तोंडावरून हात फिरवून हवा नाकाकडे ओढली आणि डोळे अर्धे मिटले. नाक ट्यूबमध्ये खुपसायचं नसतं, वास हाताने बोलवायचा असतो, हे त्यांनी एकवीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. बोलवायचाही असा की दारातल्या पाहुण्याला ‘या, आत या’ म्हणावं. ‘‘व्हिनेगर,’’ सर म्हणाले. ‘‘म्हणजे अ‍ॅसिटेट. लिही.’’ समोरच्या पोरीने काही लिहिलं नाही. बारावी सायन्स, रोल नंबर एकतीस, वैभवी तांडेल, मुरब्याच्या कोळीवाड्यातून येणारी. मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते तिने पाहिलं, दोन बोटांनी ट्यूब परत घेतली आणि हळूच म्हणाली, ‘‘सर, ह्यात काय पन नाय. नळाचं पानी हाय.’’

बाकी लॅबमध्ये सगळं जसंच्या तसं चालू होतं. कोणीतरी बर्नर मोठा केला, कोणीतरी बेसिनमध्ये काच फोडली आणि ‘मी नाही, मेहुल’ असं ओरडलं. सरांना मात्र रागवावं असं वाटलं; सरांशी मस्करी करतेस, बाहेर हो, एवढी दोन वाक्यं तोंडात तयारही होती. पण ते त्या पाण्याकडे बघत राहिले. पोरीने पाणी बेसिनमध्ये ओतलं, ट्यूब विसळली, स्टँडला उलटी लावली, सगळं शिस्तीत. मग म्हणाली, ‘‘कोनाला सांगनार नाय मी.’’ आणि जागेवर जाऊन खरा अ‍ॅसिटेट गरम करायला लागली.

सरांचं नाक दिसायला उत्तम होतं. सरळ, धारदार, लग्नाच्या वेळी चारचौघांत कौतुक झालेलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ताप आला, पाच दिवसांत गेला, जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, महिन्याभरात येतो. महिने गेले, वर्षं गेली. पहिल्यांदा चहा गेला, म्हणजे चहा होता पण गरम पाण्याला रंग दिल्यासारखा. मग साबण गेला, पावडर गेली, देवघरातली उदबत्ती नुसती धूर सोडणारी काडी झाली. अमोनिया तेवढा डोळ्यांना झोंबायचा, त्यामुळे तो कळायचा. बाकी सगळी केमिस्ट्री बंद पडली. पण माणूस जुगाडू असतो. कुठल्या रोल नंबरला कुठला क्षार द्यायचा ते सरच ठरवायचे, यादी खिशात असायची. पोरगं ट्यूब घेऊन आलं की सर यादी आठवायचे, हात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि ‘सडकं अंडं’ किंवा ‘व्हिनेगर’ म्हणून मोकळे व्हायचे. पोरं आपसांत म्हणायची, निकम सरांचं नाक म्हणजे मशीन आहे. हे कानावर आलं की सरांना रात्री जेवण जायचं नाही. तसंही ते कशाचं जेवण आहे हे त्यांना कळायचं नाही, तो भाग वेगळा.

हे कॉलेजात का सांगितलं नाही याचं उत्तर सोपं होतं: लॅब गेली असती. ज्याला गॅस गळलेला कळत नाही त्याच्या हाती कोण बावीस बर्नर देईल? पण बायकोला का सांगितलं नाही, हे उत्तर सरांनी स्वतःलाही नीट दिलेलं नव्हतं. ते उत्तर एका सकाळपाशी जाऊन थांबायचं आणि पुढे हलायचं नाही. त्या सकाळी चंद्रकांता आंघोळीला गेली होती. शेगडीवर दूध होतं, सर शेजारच्या टेबलावर पेपर तपासत होते. दूध उतू गेलं, आच विझली, गॅस चालूच. चंद्रकांता बाहेर आली ती ओल्या केसांनी देवघराकडे, दिवा लावायला, काडेपेटी हातात. काडी ओढणार तोच थबकली. मग जी धावली. खिडक्या, दार, शेगडी. मग येऊन सरांसमोर उभी राहिली, काडी अजून बोटांत. ‘‘तुम्ही इथेच बसला होता?’’ सर म्हणाले, ‘‘कळलं नाही.’’ ‘‘एवढा वास, आणि कळलं नाही?’’ तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण सरांना एक गोष्ट आठवत होती, आजही आठवते: आच विझल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. चर्र झालं, भगभग थांबली आणि नुसती बारीक फुसफुस उरली. ती ऐकत ते पुढचा पेपर तपासायला लागले होते. लक्ष नव्हतं? की होतं? त्या वर्षी त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं, सकाळ झाली तरी आणि नाही झाली तरी. चंद्रकांता त्यांच्या डोळ्यांत जे शोधत होती ते तिथे अगदीच नव्हतं, असं शपथेवर सांगता आलं नसतं. म्हणून ते गप्प बसले, आणि ते गप्प बसले म्हणून तिने तिचा अर्थ घेतला. महिन्याभराने ती पुण्याला लेकीकडे, पूर्वीकडे गेली. लेकीचं बाळ लहान होतं, कारण चांगलं होतं, कोणाला काही विचारायची गरज पडली नाही. संध्याकाळी फोन यायचा. ‘‘जेवलात?’’ ‘‘जेवलो.’’ ‘‘इंडक्शनच वापरता ना?’’ ‘‘हो.’’ जाताना सिलिंडर तिनेच परत करून टाकला होता.

तर अशा माणसाला एका सतरा वर्षांच्या पोरीने नळाच्या पाण्यात पकडलं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या आधी सर लॅब उघडायला आले तर ही दारात उभी. ‘‘थांबा सर,’’ म्हणाली, आत गेली, एकेका टेबलापाशी वाकून नळ्या हुंगून आली. ‘‘चार नंबरचा पाईप ढिला हाय. बाकी ठीक.’’ सरांनी चार नंबर घट्ट केला. मग हे रोजचंच झालं. तिची मुरब्याची टमटम भरायला साडेचार वाजायचे, वर्ग दोनला सुटायचा, मधला वेळ ती पूर्वी गेटपाशी वडाखाली काढायची. आता लॅबमध्ये बसायला लागली. सर तिचं ऑरगॅनिक पक्कं करून घ्यायचे. तिला एमआयडीसीतल्या कुठल्यातरी कंपनीच्या लॅबमध्ये लागायचं होतं, पांढऱ्या कोटात. ‘‘कोट दिला की आयला फोटो पाठवनार,’’ म्हणायची. ‘‘आय बोलते, आपल्यात पांढरं कोनी घालत नाय, डाग पडतात.’’

एकदा खिडकीशी उभं राहून सरांनी सहज विचारलं, ‘‘आज हवेत काय आहे?’’ विचारून स्वतःच ओशाळले. पोरगी मात्र गंभीरपणे उठली, खिडकी पूर्ण उघडली, मान जरा वाकडी केली. ‘‘गोड गोड हाय. सडक्या केळ्यावानी. त्याच्या खाली रबर जळतंय, पन लांब, कुंभवलीच्या अंगाला. आनि कँटीनमदी डाळीला फोडनी दिली, लसूण करपला.’’ ‘‘करपला?’’ ‘‘कडू झाला. उद्या बगा, डाळ कोन खानार नाय.’’ सर हसले. किती दिवसांनी, ते मोजायला गेले नाहीत. मग दुपारी तेच व्हायला लागलं. बातम्या ऐकाव्यात तशा ते हवेच्या बातम्या ऐकायचे. ती थापा पण मारायची. एक दिवस म्हणाली, ‘‘सर, आज प्रिन्सिपल सरांनी बायकोचं सेंट मारलंय.’’ सर दिवसभर प्रिन्सिपलांच्या केबिनकडे बघून तोंड दाबत होते, आणि संध्याकाळी कळलं की प्रिन्सिपल दोन दिवस रजेवर, खुर्चीत व्हाइस प्रिन्सिपल. ‘‘मी वास सांगते सर, मानसं तुमी बगायची,’’ असं म्हणाली वर. कधी सर तिला विचारायचे, मोगरा कसा असतो गं नक्की, आणि ती म्हणायची, ‘‘मोगरा म्हंजे... शाळेत पयला नंबर आल्यावर घरी सांगायच्या आधी जसं व्हतं ना, तसा.’’ सरांना मोगऱ्यापेक्षा हेच जास्त लक्षात राहायचं. फ्लॅटवर गेलं की भिंती होत्या, फोन होता, जेवलात–जेवलो होतं. दोन ते साडेचार एवढंच काय ते दिवसात जिवंत होतं, आणि ते एका पोरीच्या नाकावर उभं होतं.

आता खरी खोच इथे होती. वर्गात वैभवीला ‘सुकट’ म्हणायचे. घरी बोंबील वाळवतात, त्याच घरात युनिफॉर्म वाळतो, मग वास येणारच. अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला तिच्यासोबत जोडीला कोणी उभं राहीना. एक मुलगी तर नाकाला रुमाल लावूनच म्हणाली, ‘‘सर, मी तिघांत करते ना.’’ तेव्हा निकम सरांनी स्वतःचं स्टूल ओढलं, वैभवीच्या शेजारी जाऊन बसले आणि पूर्ण पाऊण तास तिच्याबरोबर टायट्रेशन केलं, खांद्याला खांदा. वर्ग चिडीचूप. त्या संध्याकाळी सर स्वतःवर खूश होते. फोनवर चंद्रकांताला ‘आज एका मुलीला...’ असं सांगितलंसुद्धा. रात्री दात घासताना, पेस्ट आहे की चुना हे कळत नसताना, त्यांच्या लक्षात आलं की आपण काहीच केलेलं नाही. ज्याला आग भाजत नाही त्याने निखारा उचलला तर त्यात कसलं शौर्य? आणि त्याच्याही मागची एक गोष्ट वर आली. नाक शाबूत होतं तेव्हाची, दहा-बारा वर्षांपूर्वीची. सकाळची टमटम, सर नव्या इस्त्रीच्या शर्टात, एक बाई मासळीची पाटी घेऊन चढली आणि शेजारी टेकली. सर ड्रायव्हरला म्हणाले, इथेच थांबव, आणि भर रस्त्यात उतरले, कॉलेजपर्यंत चालत गेले. बाईने पाटी स्वतःच्या मांडीवर घेतली होती, जागा करायला, ते उतरताना त्यांनी पाहिलं होतं. तरी उतरले.

हे त्यांनी वैभवीला सांगितलं नाही. आधी सांगायचं कारण नव्हतं, मग सांगायची हिंमत नव्हती. तिला नाकाचं कळलं होतं. पण नाकाचं आणि त्या स्टुलाचं नातं तिने जोडलं नसावं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ही पोरगी चार नंबरचा ढिला पाईप हुंगून काढते, तिला एवढं कळणार नाही? पण माणसाला जे नको असतं तिथे त्याचं गणित कच्चं राहतं. शिवाय त्यांना भीती होती, आणि भीती साधी होती: सांगितलं की ती यायची नाही. दोन ते साडेचार पुन्हा भिंती.

डिसेंबरात पालकसभा झाली. वैभवीची आई, प्रेमला, बाजार आटोपून तशीच आली होती, पाटी गेटवर ठेवून. सगळ्या पालकांत ती उभी राहिली आणि प्रिन्सिपलांना म्हणाली, ‘‘मला बोलता येत नाय जास्त. पन माजी पोर सांगते, ह्या कॉलेजात एकच मानूस हाय. एकनाथ सर. सगले नाक मुरडतात, ह्यो मानूस शेजारी बसला. मी माज्या नवऱ्याला बोलली, त्याला मासळीच नेऊन घाल, देव फोटोतला काय खात नाय.’’ लोक हसले, टाळ्या वाजल्या. प्रेमलाने पिशवी पुढे केली, सुके बोंबील, कागदात घट्ट बांधलेले. सर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. हीच होती का ती, टमटममधली? वय तेवढंच असावं. किंवा दुसरी कोणी. पाटीवाल्या बाईचा चेहरा त्यांनी तेव्हा पाहिलाच नव्हता, पाहिले होते फक्त पाटी मांडीवर घेणारे हात. पिशवी घेताना त्यांनी प्रेमलाचे हात पाहिले आणि त्यांना काहीच ओळखू आलं नाही. वैभवी मागच्या बाकावरून बघत होती. हसत नव्हती.

त्यानंतर सरांना झोप लागेना. बोर्डाचं प्रॅक्टिकल फेब्रुवारीत, बाहेरचा परीक्षक क्षार आणणार, खिशातली यादी कामाची नाही, हे तर होतंच. पण त्याने झोप जात नव्हती. पोरगी रोज सकाळी वाकून बावीस नळ्या हुंगत होती, त्याने जात होती. आपल्या नोकरीचं ओझं आपण एका लेकराच्या नाकावर ठेवलंय, आणि तिच्या आईकडून वर देवपण घेतोय. जानेवारीतल्या एका शनिवारी ते प्रिन्सिपलांच्या केबिनमध्ये गेले आणि नाकाचं सांगून टाकलं. प्रिन्सिपलांनी चष्मा काढला. ‘‘अहो निकम, तीन वर्षं?’’ ‘‘हो सर.’’ ‘‘काही झालं असतं म्हणजे?’’ ‘‘हो सर.’’ लॅब सोमवारपासून दुसऱ्या मॅडमकडे, निकम सरांकडे फक्त थिअरी. किल्ली टेबलावर ठेवताना हात हलका झाला, आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं, दुपारी बसायची जागाच गेली. आता गमवायला एकच गोष्ट उरली होती. रविवारी सकाळी सर मुरब्याच्या टमटममध्ये बसले.

किनाऱ्यावर बांबू रोवून दोर ताणलेले, दोरांवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकवलेले, नजर पोचेल तिथवर. सर त्यांच्यामधून चालत होते आणि कुठेही काहीही नव्हतं. समुद्राचा आवाज होता, कावळे होते, पायाला वाळू लागत होती, हजारो मासे उन्हात उघड्या तोंडाने टांगलेले होते, आणि वास नाही. मुका सिनेमा बघावा तसं. घाबरल्यासारखं झालं त्यांना. इथेसुद्धा नाही? जरासा, तळाशी, चिमूटभर? एका जागी उभं राहून त्यांनी छाती भरून श्वास घेतला. गार वारा आत गेला, तेवढंच.

वैभवी उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून ओल्या ढिगातले बोंबील जोडत होती. जुना गाऊन, डोक्याला फडकं. सरांना बघून तिने हात थांबवला नाही. ‘‘अरे सर, तुमी! आय तिकडं टोकाला हाय, हाक मारू?’’ ‘‘नको. तुझ्याशीच बोलायचंय.’’ तिने कुल्ले जरा उचलून शेजारचा क्रेट पायाने पुढे ढकलला. सर बसले. ‘‘लॅब सोडली मी. सांगून टाकलं प्रिन्सिपलांना.’’ ‘‘बरं केलं,’’ ती म्हणाली, ‘‘मला बी टेन्शन यायचं.’’ मग सरांनी दुसरं सांगायला घेतलं. वाक्य पाठ करून आणलं होतं, ते तिसऱ्या शब्दाला विसरले. कसंबसं म्हणाले, ‘‘अकरावीत मी तुझ्याशेजारी बसलो ना, तेव्हा मला वास येत नव्हता. म्हणून बसलो. तुझी आई जे समजते ते मी नाही.’’

‘‘म्हाईत हाय,’’ वैभवी म्हणाली.

‘‘कधीपासून?’’

‘‘एकदा कंपनीची घान हवा आली व्हती, आठवतं? सगली पोरं तोंड दाबून भायेर पलाली, तुमी फल्यावर लिवताय. मला वाटलं, अरे देवा. मंग दुसऱ्या दिवशी पानी आनलं.’’ तिने एक जोडी पूर्ण करून बाजूला टाकली. ‘‘आयला नाय सांगितलं. ती खूश हाय तर ऱ्हाऊ दे.’’

सरांना संपलं असं वाटलं आणि सुटका झाल्यासारखंही. मग तिचे हात थांबले. ‘‘एक सांगा सर. खरं सांगा. वास आला अस्ता तर?’’

उत्तरं पुष्कळ होती. ‘तरी बसलो असतो’ हे तर जिभेवरच होतं, गुळगुळीत, पोरीला बरं वाटेल असं. शिक्षक माणूस, अशी उत्तरं त्याला झोपेतही येतात. पण ती बघत होती आणि तिच्यापुढे एकदा नळाच्या पाण्याला व्हिनेगर म्हणून झालं होतं. ‘‘सरकलो असतो,’’ सर म्हणाले. मग टमटमचंही सांगितलं, पाटी मांडीवर घेतली तेसुद्धा.

वैभवीने ओल्या ढिगातून एक बोंबील घेतला, त्याचा जबडा उघडला, दुसऱ्याचा त्यात अडकवला. मग तिसरा, चौथा. टोकाकडून प्रेमलाने कोणालातरी हाक मारली, वाऱ्यात शब्द विरले. पोरगी म्हणाली, ‘‘खोटं बोलला अस्तात तरी चाललं अस्तं, सर.’’ तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. तिने तो खांद्याला पुसला, हात माशांचे होते म्हणून.

‘‘येतो मी,’’ सर म्हणाले आणि उठले.

‘‘बसा.’’

ते उभेच राहिले.

‘‘बसा म्हनते ना. मला बी एक सांगायचंय.’’ ते बसले तशी ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, ‘‘तुमच्या शर्टाला वास येतो.’’

सरांना वाटलं ही मस्करी. तिच्या चेहऱ्यावर मस्करी नव्हती. ‘‘माझ्या?’’

‘‘कुबट. घामाचा. तुमी शर्ट ओला असतानाच घडी करून ठेवता बहुतेक, नायतर तोच तोच घालता. दुधाचा बी येतो कवा कवा, नासलेल्या.’’

‘‘आत्ता येतोय? इथे?’’ सरांनी चहूकडच्या माशांकडे हात केला.

‘‘हितं बी येतोय.’’

सरांनी कॉलर ओढून नाकाशी धरली. कापड होतं, खरखरीत. बाकी काही नाही. स्टाफरूममध्ये आपल्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या नेहमी रिकाम्या असतात, हे त्यांना माहीत होतं. तो आपल्या वयाचा मान असं ते समजत आले होते. घरात सांगणारं कोणी नव्हतं. बाहेर सांगण्याइतकं जवळचं कोणी नव्हतं. कानशिलं तापली. ‘‘कधीपासून?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पयल्या दिवसापासून. टायट्रेशन केलं ना, तवापासून.’’ वैभवीने हातातली जोडी त्यांच्याकडे पुढे केली, दोरावर टाकायला. दोघांचे क्रेट एकमेकांना टेकलेले होते. ‘‘मी नाय सरकले.’’